नामशेष झालेले पुन्हा जन्मतील काय?

एखादा प्राणी मरणे आणि एखादी प्राणिजात संपणे या अगदी भिन्न घटना आहेत. प्राणी मरतो तेव्हा त्याच्या जातीचे इतर प्राणी मागे उरतात आणि वंशाचा धागा पुढे चालू राहतो. जातीतील शेवटचा प्राणी मरतो तेव्हा मात्र लाखो वर्षे अखंड चालत आलेला तो धागाच तुटतो. हा तुटलेला धागा पुन्हा जोडता येत नाही, असे जीवशास्त्र परवापरवापर्यंत निःशंकपणे सांगत असे. निसर्गरक्षणाच्या साऱ्या प्रयत्नांचा पायाही हाच होता : गेलेले परत येत नाही, यास्तव असलेले जपले पाहिजे.

गेल्या तीस वर्षांत प्रयोगशाळांतून ज्या वार्ता आल्या, त्यांमुळे हा पाया पूर्वीइतका अढळ राहिला आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला आहे. नामशेष प्राण्यांचे पुनरुज्जीवन हा आता केवळ कादंबऱ्यांचा आणि चित्रपटांचा विषय उरलेला नाही. म्हणूनच या बाबतीत काय घडले आहे, काय घडू शकते, आणि जे घडू शकते ते घडवावे काय, या तीन प्रश्नांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे. त्यांची गल्लत झाली, की अवास्तव आशा तरी निर्माण होते, नाही तर अकारण भीती.

पिरेनीजमधील रानबोकड

फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात रानबोकडांची एक उपजात राहत असे. स्पेनमधील लोक तिला 'बुकार्डो' म्हणत. शतकानुशतके चाललेल्या शिकारीमुळे तिची संख्या घटत गेली आणि अखेर केवळ एक मादी उरली. शास्त्रज्ञांनी तिला सेलिया असे नाव दिले होते. १९९९ साली तिला पकडून तिच्या त्वचेचे लहानसे तुकडे काढण्यात आले आणि त्यांतील पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे शून्याखाली १९६ अंश सेल्सिअस तापमानात, गोठवून ठेवण्यात आल्या. ६ जानेवारी २००० रोजी एका उन्मळून पडलेल्या झाडाखाली सेलिया मृत आढळली. त्या दिवशी बुकार्डोचा वंश संपला.

तिच्या गोठविलेल्या पेशी मात्र नष्ट झाल्या नव्हत्या. त्या पेशींतील केंद्रके शेळ्यांच्या अंडपेशींत घालून शास्त्रज्ञांनी शेकडो भ्रूण तयार केले. त्यांतील काही भ्रूण शेळ्यांच्या व संकरित माद्यांच्या गर्भाशयात रुजविण्यात आले. त्यांपैकी एकाच मादीचा गर्भ पूर्ण दिवसांपर्यंत टिकला. ३० जुलै २००३ रोजी शस्त्रक्रिया करून त्या पिलाला जन्म देण्यात आला. नामशेष झालेल्या उपजातीचा प्राणी पुन्हा जन्मास आल्याची ही इतिहासातील पहिलीच घटना होती. परंतु त्या पिलाच्या फुप्फुसात जन्मजात दोष होता. काही मिनिटे श्वासासाठी धडपडून ते मरण पावले. बुकार्डो हा अशा रीतीने दोनदा नामशेष झालेला प्राणी ठरला.

ते पिलू जगले असते, तर काय झाले असते? ते सेलियाचे प्रतिरूप असल्याने मादीच होते. सेलियाच्या पेशींपासून शंभर पिले निर्माण केली असती, तरी त्या शंभरही माद्याच झाल्या असत्या. नर नाही, म्हणून संतती नाही. प्राणी परत आणणे आणि जात परत आणणे यांतील अंतर या एकाच उदाहरणावरून ध्यानात येते.

प्रतिरूप कसे तयार होते?

सस्तन प्राण्याच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत केंद्रक असते आणि त्या केंद्रकातील डीएनए या रसायनात संपूर्ण प्राण्याची घडण ठरविणारी माहिती साठविलेली असते. त्वचेच्या पेशीतही डोळा, यकृत वा शिंग घडविण्याची माहिती असते. तेथे तिचा बराचसा भाग मिटलेल्या पानांप्रमाणे बंद असतो, इतकेच. ही मिटलेली पाने पुन्हा उघडण्याचे सामर्थ्य अंडपेशीतील पेशीद्रव्यात आहे. म्हणून अंडपेशीतील मूळ केंद्रक काढून टाकतात, तेथे त्वचेच्या किंवा अन्य अवयवाच्या पेशीचे केंद्रक बसवितात आणि सौम्य विद्युत्प्रवाहाने किंवा रसायनाने त्या अंडपेशीला विभाजनास प्रवृत्त करतात. या पद्धतीने जन्मलेला प्राणी ज्याची पेशी घेतली त्याचे प्रतिरूप असतो. यालाच क्लोन म्हणतात.

स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली ही मेंढी प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून निर्माण झालेले पहिले सस्तन प्रतिरूप होय. इयन विल्मुट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी २७७ अंडपेशी सिद्ध केल्या होत्या. त्यांतून २९ भ्रूण रुजविण्याजोगे झाले आणि कोकरू जन्मले ते एकच. आपल्या देशातही हे तंत्र आत्मसात करण्यात आले आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये म्हशीचे पहिले प्रतिरूप जन्मले, परंतु ते काही दिवसांतच दगावले. त्याच वर्षी जून महिन्यात जन्मलेली 'गरिमा' ही रेडी मात्र जगली.

मेंढी आणि म्हैस या पाळीव जाती आहेत. त्यांच्या अंडपेशी व गर्भधारणेसाठी माद्या हव्या तितक्या मिळू शकतात. नामशेष जातीच्या बाबतीत नेमकी याचीच वाण असते. तेथे अंडपेशी परक्या जातीची आणि गर्भाशयही परक्या जातीचे घ्यावे लागते. २००१ च्या जानेवारीत अमेरिकेत पाळीव गाईच्या पोटी एक गवा जन्मला. सह्याद्रीच्या रानांत आपल्याला दिसणारा गवा तो हाच. या प्रयोगासाठी ६९२ अंडपेशी वापरण्यात आल्या होत्या. जन्मलेले ते वासरू अतिसाराने दोन दिवसांत मेले.

यात आणखी एक सूक्ष्म बाब आहे. डीएनए मुख्यतः केंद्रकात असला, तरी त्याचा अल्पसा अंश पेशीद्रव्यातील तंतुकणिकांतही असतो. पेशीला ऊर्जा पुरविण्याचे कार्य या कणिका करतात. केंद्रक बुकार्डोचे आणि तंतुकणिका शेळीच्या, असा जो प्राणी जन्मतो, तो काटेकोर अर्थाने पूर्णपणे बुकार्डो नसतो.

जिवंत पेशी आणि जुनी हाडे

वरील सर्व प्रयोगांना एक अट आहे : पेशीचे केंद्रक शाबूत असले पाहिजे. प्राणी मेल्यावर त्याच्या पेशींतील डीएनएचे तुकडे होऊ लागतात. न्यूझीलंडमधील मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांचा अभ्यास करून २०१२ साली शास्त्रज्ञांनी असे अनुमान काढले, की त्या हाडांच्या परिस्थितीत सुमारे ५२१ वर्षांत डीएनएतील निम्मे बंध तुटतात. थंडीत ही क्रिया पुष्कळ मंदावते. म्हणूनच सायबेरियाच्या सदैव गोठलेल्या भूमीत सापडलेल्या मॅमथच्या दातांतून दहा लाख वर्षांहून जुना डीएनए मिळू शकला. परंतु डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले. त्यांचा डीएनए मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नाही.

मिळालेला जुना डीएनए देखील फाटक्या ग्रंथाच्या चिंध्यांसारखा असतो. त्या चिंध्या जुळवून ग्रंथ वाचता येतो, पण त्यांपासून पुन्हा केंद्रक घडविता येत नाही. म्हणून मॅमथच्या बाबतीत वेगळा मार्ग सुचविण्यात आला आहे. आशियाई हत्ती हा मॅमथचा जवळचा आप्त. त्याच्या पेशीतील निवडक जनुके बदलून दाट केस, चरबीचा जाड थर आणि थंडीला तोंड देणारे रक्त असे गुण त्यात आणावयाचे, अशी ही कल्पना आहे. या कामासाठी अमेरिकेत २०२१ साली कोलोसल नावाची एक कंपनीही स्थापन झाली.

याच कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये 'डायर वुल्फ' हा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेला मोठा लांडगा परत आणल्याची घोषणा केली आणि तीन पांढऱ्या पिलांची छायाचित्रे जगभर झळकली. वस्तुस्थिती अशी होती, की करड्या लांडग्याच्या पेशीतील १४ जनुकांत २० बदल करून, कुत्र्यांच्या माद्यांच्या पोटी ही पिले जन्माला घालण्यात आली होती. दोन्ही जातींच्या डीएनएत मात्र लाखो ठिकाणी भेद आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या श्वानकुल-तज्ज्ञांनी ही पिले डायर वुल्फ नव्हेत, असा स्पष्ट निर्वाळा त्याच महिन्यात दिला. प्रयोगाचे तांत्रिक कौशल्य कोणी नाकारणार नाही. परंतु राजाचा पोशाख चढविल्याने नट राजा होत नाही, हे शास्त्राच्या क्षेत्रातही खरे आहे.

पक्ष्यांचा प्रश्न याहूनही निराळा आहे. मोठ्या बलकामुळे पक्ष्याच्या अंडपेशीतील केंद्रक शोधून बदलणे अतिशय कठीण असते, आणि अंडे घातले जाईपर्यंत त्यातील भ्रूणाचे विभाजन पुष्कळच पुढे गेलेले असते. डॉलीची पद्धत त्यामुळे तेथे चालत नाही. पक्ष्यांसाठी बीजपेशींच्या पूर्वरूपावर संस्कार करण्याचे वेगळे तंत्र विकसित होत आहे. एकेकाळी गंगेच्या खोऱ्यातील दलदलीत आढळणारे गुलाबी डोक्याचे बदक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर खात्रीलायकपणे कोणाच्या दृष्टीस पडलेले नाही. गोठविलेल्या केंद्रकाच्या साध्या मार्गाने त्याला परत आणता येणार नाही.

भारतातील चित्त्याची कथा

या विषयाचा भारताशी सर्वांत निकटचा संबंध येतो तो चित्त्याच्या संदर्भात. पुष्कळ लोक बिबळ्यालाच चित्ता म्हणतात. परंतु चित्ता हा सडपातळ, लांब पायांचा, मोकळ्या माळरानावर हरणांचा पाठलाग करणारा प्राणी. त्याचे नाव संस्कृत 'चित्रक' या शब्दावरून आले आणि पुढे जगभर गेले. मोगल बादशहा शिकारीसाठी मोठ्या संख्येने चित्ते बाळगीत. मात्र बंदिवासात चित्त्याची वीण होणे फार दुर्मिळ. जहांगीराच्या काळी घडलेल्या एका प्रसंगाची नोंद आश्चर्य म्हणून करण्यात आली, इतकी ती दुर्मिळ होती. त्यामुळे पाळण्यासाठी लागणारा प्रत्येक चित्ता रानातूनच पकडून आणला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात चित्ते इतके विरळ झाले होते, की कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणविले. १९४७ च्या सुमारास मध्य भारतातील कोरिया संस्थानाच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ही शेवटची निश्चित नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले.

आशियाई चित्ता आज केवळ इराणमध्ये, अत्यल्प संख्येने, उरला आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद येथील सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी, लालजी सिंग यांच्या पुढाकाराने, एक प्रस्ताव मांडला. इराणमधील चित्त्याच्या जिवंत पेशी मिळवाव्यात, त्यांची केंद्रके बिबळ्याच्या मादीच्या अंडपेशीत घालावीत आणि बिबळ्याच्याच मादीच्या पोटी चित्त्याचे पिलू वाढवावे, अशी ती योजना होती. परंतु इराणने चित्ते वा त्यांच्या पेशी देण्यास संमती दिली नाही आणि योजना तेथेच थांबली.

यानंतर आफ्रिकेतील चित्ते आणून सोडण्याचा विचार पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्यास मनाई केली, परंतु २०२० साली प्रायोगिक स्वरूपात परवानगी दिली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातील ८ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील १२ चित्ते मध्य प्रदेशातील कूनो येथे आणण्यात आले. त्यांपैकी काही मरण पावले. कूनोत पिलेही जन्मली आणि त्यांतीलही काही दगावली. या प्रयोगाविषयी जाणकारांत मतभेद आहेत.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट वेगळीच आहे. चित्ता प्रयोगशाळेतून येवो अथवा विमानातून येवो, आल्यानंतरचे प्रश्न एकच असतात. त्याला धावण्यास विस्तीर्ण माळ हवा, खाण्यास पुरेशी हरणे हवीत, आणि आजूबाजूच्या माणसांनी त्याला सामावून घेतले पाहिजे. आपल्याकडे माळरानाला 'पडीक जमीन' म्हणण्याची प्रथा आहे. जी भूमी सरकारी दप्तरात पडीक, ती सहजपणे नांगराखाली, कारखान्याखाली किंवा वृक्षलागवडीखाली जाते. कूनोतील जागा मोकळी झाली ती देखील सहजासहजी नव्हे. गीरमधील सिंहांना दुसरे घर मिळावे म्हणून तेथील चोवीस गावे, त्यांत बहुतांशी सहरिया आदिवासींची, आधीच उठविण्यात आली होती. सिंह काही तेथे आले नाहीत. प्राण्याला जागा देणे म्हणजे कोणाची तरी जागा घेणे होय, याचे विस्मरण होता कामा नये. पुनरुज्जीवनाचा खर्च मांडताना हा खर्चही त्यात धरला पाहिजे.

नीतीचे प्रश्न

या विद्येविषयीचा पहिला नैतिक प्रश्न प्राण्यांच्या यातनांचा आहे. एक कोकरू जन्मण्यासाठी २७७ अंडपेशी खर्ची पडत असतील, तर मॅमथसदृश एक पिलू जन्मण्यासाठी किती हत्तिणींना गर्भधारणेच्या कसोटीतून जावे लागेल? हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे बावीस महिन्यांचा. आशियाई हत्ती हा स्वतःच धोक्यात आलेला प्राणी. नामशेष आप्तासाठी जिवंत आप्ताला पणाला लावणे समर्थनीय ठरेल काय? कृत्रिम गर्भाशयाची कल्पना काही जण पुढे करतात, परंतु हत्तीच्या पिलाला पूर्ण वाढविणारे असे साधन अद्याप कोणी निर्माण केलेले नाही.

दुसरा प्रश्न शिकवणुकीचा आहे. हत्ती, चित्ता, माकडे हे प्राणी पुष्कळसे आचरण आईकडून व कळपाकडून शिकतात. पाणी कोठे आहे, शत्रू कोण, काय खावे, हे सारे जनुकांत लिहिलेले नसते. जातीचा शेवटचा प्राणी गेला, की ही परंपराही जाते. शरीर परत आणता आले, तरी शिकविणारे कोणीच उरलेले नसते.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे आणि तो माणसाच्या मनोवृत्तीविषयी आहे. हरवलेले पुन्हा घडविता येते असा समज पसरला, तर असलेले सांभाळण्याची निकड ओसरेल. एखादे अरण्य धरणाखाली जात असता 'तेथील प्राण्यांच्या पेशी गोठवून ठेवल्या आहेत' असे उत्तर मिळू लागले, तर त्याला प्रत्युत्तर देणे अवघड होईल. याउलट, ज्या जाती माणसाने मारल्या त्या परत आणणे हे माणसाचे कर्तव्यच होय, असे पुनरुज्जीवनाचे समर्थक म्हणतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. केलेल्या अन्यायाची भरपाई करण्याची इच्छा हीन मानता येणार नाही. परंतु भरपाई ज्याची करावयाची तो नाहीसाच झालेला आहे, आणि नव्याने जन्मणारा प्राणी हा दुसराच कोणी आहे. त्याच्या सुखदुःखाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ साली या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही अशा प्राण्याला मूळ जातीचा 'पर्याय' असेच मानले आहे आणि निसर्गाच्या संवर्धनास लाभ होत असेल तरच तो निर्माण करावा, अशी भूमिका घेतली आहे.

या विद्येचे योग्य क्षेत्र

यावरून ही विद्या निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. तिचा खरा उपयोग नामशेष जातींपेक्षा नामशेष होऊ घातलेल्या जातींसाठी आहे. अमेरिकेतील काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसाच्या आकाराचा मांसाहारी प्राणी संपला असे समजले गेले होते. १९८१ साली वायोमिंग राज्यात त्याची एक लहानशी वसाहत सापडली. आज हयात असलेले जवळजवळ सर्व फेरेट केवळ सात पूर्वजांचे वंशज आहेत. अशा संकुचित वंशात रोगप्रतिकाराची विविधता उरत नाही. सुदैवाने, मागे वंश न ठेवता मेलेल्या एका मादीच्या पेशी १९८८ साली गोठवून ठेवण्यात आल्या होत्या. त्या पेशींपासून १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ ॲन या मादीचा जन्म झाला. त्याच पेशींपासून पुढे जन्मलेल्या दुसऱ्या मादीला २०२४ साली पिले झाली. सात पूर्वजांच्या वंशात आता आठव्याची भर पडू शकेल. मध्य आशियातील प्रझेवाल्स्की या रानघोड्याच्या बाबतीतही १९८० साली गोठविलेल्या पेशींपासून २०२० मध्ये शिंगरू जन्मले.

ही उदाहरणे आणि बुकार्डोचे उदाहरण यांतील भेद महत्त्वाचा आहे. फेरेटला आई मिळू शकली ती त्याच्या निकटच्या आप्तांतील, जोडीदार मिळाला तो स्वजातीचा, आणि त्याचे अधिवास व ते जपणारे लोक आधीपासूनच अस्तित्वात होते. प्रतिरूप हे तेथे चालू असलेल्या मोठ्या कार्याचे एक साधन होते. बुकार्डोच्या वेळी ते एकटे साधन होते आणि कार्य संपून गेले होते. यास्तव दुर्मिळ प्राण्यांच्या पेशी वेळीच जपून ठेवणे हे दूरदृष्टीचे काम आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे हे काम १९७० च्या दशकात सुरू झाले. त्या वेळी या पेशींचा पुढे काय उपयोग होईल हे कोणी सांगू शकत नव्हते. भारतातही हैदराबाद येथील संकटग्रस्त जातींच्या प्रयोगशाळेत असे काम चालते.

आपल्याकडील माळढोक पक्ष्याची स्थिती आज या सीमारेषेवर आहे. सोलापूरजवळ नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य स्थापन झाले, परंतु तेथे आता तो क्वचितच दिसतो. उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. ते विजेच्या तारांवर आदळून मरतात आणि मादी वर्षाकाठी साधारणतः एकच अंडे घालते. जैसलमेर येथे २०१९ पासून त्यांची बंदिस्त पैदास चालू आहे आणि २०२४ साली कृत्रिम रेतनाने एक पिलूही जन्मले. विज्ञान आपले काम करीत आहे. परंतु हे पिलू मोठे झाल्यावर त्याला सोडावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणारे नाही.

गिधाडांच्या बाबतीत आपण हा धडा एकदा शिकलो आहोत. डायक्लोफिनॅक हे गुरांना दिले जाणारे औषध त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जाऊन, १९९० नंतरच्या दीड दशकात भारतातील गिधाडांच्या काही जाती जवळजवळ नष्ट झाल्या. त्यांच्या पैदाशीची केंद्रे उभी राहिली. पण नवी गिधाडे सोडून देणे त्यांच्या हिताचे ठरण्यासाठी आधी ते औषध बंद होणे आवश्यक होते. २००६ साली गुरांच्या उपचारासाठी त्यावर बंदी आली आणि मग पुढची वाट खुली झाली. मरणाचे कारण दूर करणे प्रथम आणि जन्माची व्यवस्था नंतर, हा क्रम जिवंत जातींना लागू आहे. नामशेष जातींना तर तो अधिकच कठोरपणे लागू आहे. कारण ज्या जगाने त्यांना एकदा संपविले, त्याच जगात त्यांना पुन्हा आणावयाचे आहे.